चौथा कोपरा

“ज्या दिवशी जीपचा टप उतरंल, त्या दिवशी मी हो म्हणीन,” संध्या म्हणाली आणि जेवणाची ताटं उचलून मोरीकडे निघून गेली.

सर्जेराव मगरे तिच्या पाठीकडे बघत राहिले. विषय त्यांनी मोठ्या मुश्किलीनं काढला होता. राजूरच्या काकासाहेबांनी आपल्या पुतण्यासाठी, बुद्धभूषणसाठी, विचारणा केली होती. पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, स्वभावानं गरीब, बायको तीन वर्षांमागं बाळंतपणात गेलेली. पंधरा दिवस सर्जेरावांनी वाक्यं जुळवली, खोडली, पुन्हा जुळवली. आणि सुनेनं एका वाक्यात निकाल लावला. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. साप मरावा आणि काठीही मोडू नये, अशी अट घालून मोकळी झाली. पोरगी हुशार होतीच. कुंभार पिंपळगावच्या शाळेत गणित शिकवायची. गणितवालीनं घातलेलं गणित, सुटणार नाही याची खात्री करूनच घातलेलं.

संघपाल हा सर्जेरावांचा एकुलता एक मुलगा, संध्याचा नवरा. दोन वर्षांपूर्वी भादव्यात त्याला ताप आला आणि अकराव्या दिवशी तो गेला. बत्तीस वर्षांचं धडधाकट पोर. आईबापाच्या आधी जाऊ नये, हे त्याला कुणी शिकवायचं राहूनच गेलं.

जीप त्याची. जुनी, उघडी, हौसेनं घेतलेली. पावसापाण्यासाठी त्यानं संभाजीनगरहून फायबरचा टप करून आणला होता. टप म्हणजे जीपचं अख्खं छप्परच, बाजूच्या काचांसकट. नव्वद किलोचं धूड. दिवाळी झाली की तो उतरवायचा आणि मिरगाच्या आधी पुन्हा चढवायचा. हे काम घरातल्या चौघांचं. पुढचा डावा कोपरा सर्जेरावांचा, पुढचा उजवा त्यांच्या बायकोचा, चांगुणाबाईंचा. मागचा डावा संध्याचा आणि मागचा उजवा संघपालचा. प्रत्येक कोपऱ्याला एक बोल्ट. ज्याचा कोपरा त्याचा बोल्ट, त्यानंच खोलायचा, त्यानंच आवळायचा, दुसऱ्यानं त्यात नाक खुपसायचं नाही. हा कायदा संघपालनं केला होता, कारण पहिल्या वर्षी सर्जेराव पाना घेऊन सगळ्यांच्या मागं फिरले होते आणि “ढिला राह्यला, ढिला राह्यला” करून त्यांनी सगळ्यांचं डोकं उठवलं होतं. मग “एक, दोन, तीन” म्हणून चौघांनी एकदम उचलायचं. चांगुणाबाई दरवेळी दोनलाच उचलायच्या आणि दरवेळी शिव्या खायच्या.

संघपाल गेला तेव्हा टप जीपवर होता. तो तसाच राहिला.

पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या वावरातला भागवत आपण होऊन आला होता. चांगला माणूस, अडीअडचणीला धावणारा. त्याला वाटलं, तिघांना टप उचलणार नाही, चौथा हात द्यावा. तो सरळ जाऊन मागच्या उजव्या कोपऱ्याला उभा राहिला आणि सर्जेराव असे ओरडले, की झाडावरचे होले उडाले. “तिथून व्हय बाजूला! त्या कोपऱ्याला हात लावू नको!” भागवत चपला घालून निघून गेला. नंतर सर्जेराव त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आले, माफी मागून आले. भागवतनं मनात काही धरलं नाही, पण टपाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. गेली दोन वर्षं जीप शेडात, टप जीपवर, आणि घरातली तीन माणसं आपापल्या जागी गपगार.

हे सगळं ठाऊक असूनच संध्यानं अट घातली होती. चौथ्या कोपऱ्याला माणूस उभा राहायचा नाही, तर टप निघायचा नाही. टप निघायचा नाही, तर ती हे घर सोडायची नाही.

फक्त एक गोष्ट पोरीच्या हिशेबातून सुटली होती. तिचा सासरा जालन्याच्या लोखंडाच्या मिलमध्ये एकतीस वर्षं क्रेन चालवून घरी बसला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव शेडात खाट टाकून पडले होते. वर पत्र्याखालचा आडवा गर्डर होता, शेड बांधताना त्यांनीच भंगारातून आणून टाकलेला. खाली जीप. बराच वेळ ते गर्डरकडे आणि टपाकडे आळीपाळीनं बघत राहिले आणि मग उठून बसले. एवढं आयुष्य जळतं लोखंड इकडून तिकडं उचलण्यात गेलं आणि नव्वद किलोच्या फायबरला आपण माणसं मोजत बसलो, असं त्यांना झालं. वरून उचललं तर कोपऱ्याला कुणी उभं राहायचं कामच नव्हतं. कुणाचाच हात लागायचा नव्हता, त्याच्या जागी कुणी उभं राहायचं नव्हतं, आणि टप तर निघणार होता.

त्यांना आनंद झाला. कारागिराला उपाय सापडला की होतो तसला. तो आनंद अंघोळ होईपर्यंत टिकला. मग डोक्यावर तांब्या ओतताना त्यांच्या ध्यानात आलं, की आपण हे जे करायला निघालोत ते पोरीला घालवायचं यंत्र आहे. ते तसेच ओल्या अंगानं दगडावर बसून राहिले.

चांगुणाबाईंना दुपारी कळलं. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता त्यांचा हात थांबला.

“एक गेला,” त्या म्हणाल्या, “आता दुसरी तुम्ही हातानं घालवून राह्यले.”

“अठ्ठावीस वर्षांची हाय ती.”

“मंग? मी काय तिला उपाशी ठिवली? लेकीवानी ठिवली.”

“म्हणूनच म्हणतो. लेक आसती तर घरात बसवून ठिवली आसती का? आपुन अजून दहा वर्षं, लई तर पंधरा. मंग ती ह्या घरात कुणाच्या तोंडाकडं बघंल? आपल्या म्हातारपणासाठी तिला ठिवली, तर ती सून न्हाई राह्यली, काठी झाली. मला काठी नको.”

“मला पाह्यजे,” चांगुणाबाई म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी करपली. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. सर्जेरावांनी तिकडं बघितलं, पण तिचा आधार घेऊन बायकोला उपदेश करावा असं त्यांच्या जिवाला वाटलं नाही. चांगुणाबाईंचं दुःख खरं होतं, आणि सर्जेरावांचंही त्याच पिठाचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. जालन्याच्या भंगार बाजारातून त्यांनी चौकोनी पाइप आणले, एक टनाची चेन कप्पी आणली, ट्रकवाले माल बांधायला वापरतात तसले रुंद पट्टे आणले. बेत साधा होता. गर्डरला कप्पी टांगायची. कप्पीच्या हुकाला पाइपांची चौकट. चौकटीच्या चार कोपऱ्यांना लोखंडी कड्यांनी चार पट्टे, आणि पट्टे टपाच्या चार कोपऱ्यांखालून घ्यायचे. बाजूला उभं राहून साखळी ओढली की टप सरळ वर.

मापं घ्यायला टेपाचं दुसरं टोक धरणारं कुणीतरी लागत होतं. संध्या शाळेतून आली होती. तिनं पर्स खुंटीला लावली आणि न सांगता टोक धरलं.

“काय बनवून राह्यले, मामा?”

“टप उतरायची कप्पी.”

टेपाचं टोक मात्र तिनं सोडलं नाही. त्यांनी लांबी घेतली, रुंदी घेतली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी मापं घेतली, पाटीवर खडूनं आकडे लिहिले.

“त्यात चूक हाय,” ती पाटीकडे बघून म्हणाली. “कर्ण दोन्ही सारखे आले पाह्यजेत. तुमचे दीड इंचानं कमीजास्त हायेत. चौकट वाकडी व्हईल.”

“तूच सांगून राह्यली चूक?”

“मंग काय करू? चुकीचं दिसलं तर गप बसता येत न्हाई मला,” ती म्हणाली आणि घरात गेली. सर्जेरावांनी आकडे पुन्हा घेतले. पोरीचं बरोबर होतं.

आठ दिवसांचं काम. सर्जेरावांनी ते वीस दिवस पुरवलं. वेल्डिंग झालं, मग ते घासून काढलं. घासलेलं पुन्हा घासलं. चौकटीला रंग दिला, वाळल्यावर दुसरा हात दिला.

“दुसरा कशाला?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“गंजू नये म्हणून.”

“शेडात कशानं गंजतंय?”

सर्जेरावांनी ब्रश डब्यात बुडवला. खरं सांगायचं तर त्यांना काम संपवायचं होतं आणि संपू द्यायचं नव्हतं. सकाळी उठले की वाटायचं, आज उरकून टाकू, पोरीचं भलं होऊ दे. संध्याकाळी तिची स्कूटी फाटकातून आत आली, “मामा, चहा घेतला का?” हा आवाज आला, की वाटायचं, मरू दे ती कप्पी, विहिरीत फेकून देऊ. माणसाच्या मनाला चार कोपरे असते तर बरं झालं असतं, निदान समतोल उचलता तरी आलं असतं.

मग एक कडी हरवली. चार कड्या एका डब्यात होत्या, तिथं तीनच उरल्या. सर्जेरावांनी शेड झाडलं, खाटेखाली बघितलं, कडब्यात हात घातला. चांगुणाबाईही मोठ्या हौसेनं शोधू लागल्या, आणि त्यावरूनच सर्जेरावांना सगळं समजलं. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची हरवलेली वस्तू या बाईनं कधी एवढ्या मनापासून शोधली नव्हती. त्यांनी विचारलं नाही. नवी कडी जालन्याला जाऊन एका दिवसात आणता आली असती, तीही आणली नाही. तेवढेच दिवस मिळत होते.

त्या आठवड्यात गल्लीत उषाबाईंच्या नातवाचं नाव ठेवायचं होतं. चांगुणाबाई आणि संध्या दोघी गेल्या. परत आल्या तेव्हा संध्या कपडे बदलून वह्या तपासायला बसली. चांगुणाबाई मात्र लुगडं न बदलता तशाच शेडात आल्या आणि मूठ उघडून कडी सर्जेरावांच्या हातावर ठेवली. कडीला ज्वारीचं पीठ लागलेलं होतं.

“पिठाच्या डब्यात पडल्ती.”

“कशी पडली?”

“पडली,” त्या म्हणाल्या. मग खाटेच्या काठावर बसल्या. “तिनं ते लेकरू घेतलं. त्याच्या टाळूला नाक लावून बसली. बाया ओटी भरून गेल्या, जेवणं सुरू झाली, तरी देईना. उषाबाईनं दोनदा हात पुढं केले. तिला दिसलेच न्हाईत.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “उरकून घ्या आता. माझी पुन्हा बुद्धी फिरायच्या आधी उरकून घ्या.”

रविवारी सकाळी सगळं लागलं. आदल्या दिवशी सर्जेरावांनी सोयाबीनचे तीन कट्टे चौकटीला टांगून बघितले होते. दीडशे किलो कप्पीनं हूं की चूं न करता धरलं होतं. आता जीप गर्डरच्या बरोबर खाली आली. चौकट टपाच्या वर, चार पट्टे चार कोपऱ्यांखाली, मागच्या उजव्या कोपऱ्याचा काठीनं लांबूनच सरकवलेला. सर्जेरावांनी पाना घेतला आणि आपला पुढचा डावा बोल्ट खोलला. चांगुणाबाईंनी आपला खोलला. संध्यानं आपला खोलला. पाना एका हातातून दुसऱ्या हातात जात होता, एवढाच आवाज.

“तू मागं उभी ऱ्हाय,” सर्जेराव संध्याला म्हणाले. “हात दाखव.”

क्रेनवाल्याचा हा नियम असतो. वर बसलेल्याला ओझ्याची पलीकडची बाजू दिसत नाही. म्हणून खाली एक माणूस उभा राहतो आणि हातानं सांगतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, पंजा खाली हलवला की उतरव, मूठ मिटली की थांब. खालच्याचा हात दिसल्याशिवाय वरच्यानं काही हलवायचं नाही, मग मालक येऊन बोंबलला तरी. एकतीस वर्षांत सर्जेरावांनी हा नियम मोडला नव्हता. संघपाल लहानपणी जेवताना आईला याच खुणा करून वाढायला लावायचा. पुढं त्यानं त्या बायकोलाही शिकवल्या होत्या.

“आत्याला उभं करा, मामा.”

“आत्याला खुणा येत न्हाईत. आन हे तुझंच काम हाय. तू हात दाखवल्याबिगर मी साखळी ओढणार न्हाई. दुपार झाली तरी न्हाई.”

संध्या मागं जाऊन उभी राहिली. सर्जेरावांनी साखळी धरली आणि तिच्या हाताकडे डोळे लावले. हात कमरेशीच होता.

बाहेर भागवतच्या वावरात हरभऱ्याचं मळणी यंत्र चालू होतं, त्याची धूळ उन्हात दिसत होती. साखळी धरून सर्जेरावांच्या हाताला घाम आला. त्यांना मनापासून वाटत होतं, की हिनं मूठ मिटावी. “मला न्हाई जमत, मामा,” म्हणावं आणि आत निघून जावं. म्हणजे आपलं कर्तव्यही केलं आणि पोरगीही घरात राहिली. आपण इतके लबाड आहोत याची त्यांना लाज वाटली, तरी वाटायचं ते वाटतच राहिलं.

संध्यानं हात वर केला. बोट फिरवलं.

सर्जेरावांनी साखळी ओढली. कप्पी करकरली, पट्टे ताणले, टपाचा पुढचा भाग जीपपासून सुटला. दोन वर्षांची धूळ भसकन खाली आली. अजून दोन हात साखळी. गर्डर कण्हला. सर्जेराव चमकले. दीडशे किलोला न बोललेला गर्डर नव्वदला का बोलतोय? एवढ्यात संध्याची मूठ वर गेली.

साखळी जागच्या जागी थांबली. सर्जेराव मागं धावले. टपाचे तीन कोपरे उचलले होते, चौथा जीपला चिकटून होता आणि टपाबरोबर जीपचीच मागची बाजू वर येऊ लागली होती.

मागच्या उजव्या कोपऱ्याचा बोल्ट कुणी खोललाच नव्हता.

“तुम्ही न्हाई खोलला?” संध्यानं विचारलं.

“माझा पुढचा,” सर्जेराव म्हणाले. ओझं उचलायच्या आधी चारी बाजूंनी फिरून बघायचं, हे पोरासोरांना शिकवलेला माणूस तो. मिलमध्ये असली चूक कुणी केली असती तर त्यांनी त्याला फाटकाबाहेर काढला असता. पण तिघांनी आपापला बोल्ट खोलला होता आणि तिघांनाही वाटलं होतं, की झालं. चौथा खोलणारा खोलेल. पोराला जाऊन दोन वर्षं झाली, त्याच्या राखेवर आंब्याचं झाड लावून तेही कमरेएवढं झालं, आणि आज सकाळी या तिघांनी त्याच्या वाट्याचं काम त्याच्यासाठी ठेवून दिलं होतं.

चांगुणाबाई मटकन खाली बसल्या. “आरं माझ्या राजा,” म्हणाल्या आणि दोन वर्षांत रडल्या नव्हत्या तशा रडल्या.

सर्जेरावांनी साखळी सैल सोडली. टप जागेवर बसला. मग पाना उचलून ते त्या कोपऱ्याकडे गेले आणि एक हात अंतरावर थांबले. पुढं पाय उचलेना. भागवतवर ओरडताना जे आत उसळलं होतं तेच आता स्वतःवर उसळत होतं. संध्यानं त्यांच्या हातातून पाना घेतला, बोल्टला लावला आणि जोर केला. बोल्ट हलला नाही. पुन्हा केला. नाही.

“पाव आटा जास्त,” ती म्हणाली. “नेहमी पाव आटा जास्त आवळायचे. तुम्ही म्हणायचे, बोल्टचे आटे खाशील.” तिनं पाना बोल्टवर तसाच धरून ठेवला. “मामा, हा त्यांच्या हातानं आवळलेला हाय. हा खोलला की त्यांच्या हातचं काईच ऱ्हात न्हाई. मला न्हाई खोलायचा.”

चांगुणाबाई उठल्या. घरातून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आल्या, बोल्टवर चार थेंब सोडले आणि बोटानं चोळले. मग संध्याच्या हातावर, पान्यासकट, आपले दोन्ही हात ठेवले.

“त्याची माय हाय मी,” त्या म्हणाल्या. “मी सोडून राह्यले. तू बी सोड.”

दोघींनी मिळून जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला. बोल्ट फिरला, मग सहज फिरत गेला आणि निघाला.

संध्या पुन्हा आपल्या जागी गेली. चेहरा पुसला नाही. हात वर केला, बोट फिरवलं. या वेळी टप चारी बाजूंनी सारखा उठला, एक वीतभर, मग हातभर, मग डोक्याच्या वर. सगळा वर गेला तेव्हा तिनं मूठ मिटली. खाली जीप उघडी झाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या आत ऊन पडलं होतं.

“मला वाटलं व्हतं, टप कधी निघणारच न्हाई,” संध्या म्हणाली. “मी जाऊ नये म्हणून अट घातली व्हती, मामा.”

“ठाऊक हाय.”

“ठाऊक व्हतं तर मंग कशाला केलं हे?”

“ठाऊक व्हतं म्हणूनच केलं,” सर्जेराव म्हणाले. साखळी त्यांनी खुंटीला अडकवली आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. “आता ऐक. अट मी पुरी केली, म्हणून तू जायलाच पाह्यजे असं न्हाई. आमच्यासाठी ऱ्हात असशील तर राहू नको. तुझ्यासाठी ऱ्हायचं आसंल तर बोल. आत्ता टप खाली घेतो, चारी बोल्ट मी एकटा आवळतो, आन ह्या घरात तो विषय पुन्हा निघणार न्हाई. तुझ्या आत्याची शपथ.”

संध्यानं चांगुणाबाईंकडे बघितलं. चांगुणाबाईंनी मान दुसरीकडं वळवली. पोरीला आपल्या डोळ्यांत काही दिसू नये म्हणून. दोन वर्षांत नवऱ्याला एवढी मोठी मदत त्यांनी केली नव्हती.

“लावा फोन,” संध्या म्हणाली. मग जीपच्या पायरीवर बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून हमसून हमसून रडली. चांगुणाबाई तिच्याजवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सर्जेरावांनी खिशातून फोन काढला. बोटांना रंग आणि तेल लागलं होतं, काकासाहेबांचं नाव दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लागला. काकासाहेबांना ऐकायला जरा कमी यायचं, ते फोनवर कायम वावराच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखे ओरडायचे.

“हॅलो! कोण बोलून राह्यलंय?”

“मी सर्जेराव मगरे. कुंभार पिंपळगावहून.”

“कोण? पोरीचे कोण तुम्ही?”

मागच्या वेळीही त्यांनी असंच विचारलं होतं आणि मागच्या वेळी सर्जेराव बेधडक म्हणाले होते, सासरा. आताही तोच शब्द ओठावर आला. पण सासरा म्हटलं, की मध्ये संघपाल उभा राहत होता. तो मध्ये उभा होता म्हणूनच ही पोरगी त्यांची होती. आणि तो मध्ये उभा असेपर्यंत ती कुठं जाऊ शकत नव्हती. त्यांनी डोळे मिटले. ज्याला दोन वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता, त्या आपल्या लेकराला त्यांनी मनानं हाताला धरून हळूच बाजूला केलं.

“हॅलो! ऐकू येऊन राह्यलं का? कोण तुम्ही?”

“बाप,” सर्जेराव म्हणाले. “पोरीचा बाप बोलून राह्यलो. आमचा होकार हाय.”